उजवा गुडघा

डॉक्टरला कसलं भ्याव म्हणता? ऐका. कलबुर्गीत मी गुडघ्याची ऑपरेशनं शिकत होते, तेव्हाची गोष्ट. आळंदची कबड्डी खेळणारी सविता टेबलावर होती. कमरेत इंजेक्शन दिल्यानं तिचे पाय बधिर झालेले, पण ती जागी होती. ब्लेड हातात घेऊन मी सिस्टरला म्हणलं, "उजवा गुडघा."

पडद्यापलीकडून सविता पुटपुटली, "अक्का, माझा तर डावा दुखायलाय."

कागद बघितला. डावाच होता. मला शिकवणाऱ्या सरांनी माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं आणि डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन स्वतः केलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणलं, "तू बोललीस म्हणून आपण दोघी वाचलो बघ."

"गपच बसणार होते, अक्का," ती म्हणली. "वाटलं, एवढ्या शिकलेल्या हाईत, त्यांना माहीत असंल."