लाल तोंडाचं बटण

मुकादम : कागद माझा नाही बाई, वरून आलाय. मी फक्त हातात द्यायला आलोय.

थोरली : हात ओले आहेत माझे. वाचून दाखवा.

मुकादम : बाजारातलं सार्वजनिक शौचालय महिनाअखेर बंद. जागा फोनच्या दुकानाला. लोकांनी आसपासच्या हॉटेलांत जावं, हॉटेलवाल्यांनी त्यांना अडवू नये, असं ठरलंय.

थोरली : हमाल जाणार हॉटेलात? घामानं भिजलेला माणूस काचेचं दार ढकलून म्हणणार, जरा आत जाऊन येतो? आणि ती कोपऱ्यावर मिरच्या विकणारी म्हातारी? तिला तासातासाला लागतं. तिला कोण उंबरा ओलांडू देणार आहे?

मुकादम : मला कळतंय हो. पण वरच्यांना कोण सांगणार? पालिकेनं शौचालयं चालवायचे दिवस गेले म्हणतात. यापुढं गावात एकच ठेवायचं, नमुना म्हणून.

थोरली : कुठलं?

मुकादम : बागेजवळचं.

थोरली : म्हणजे माझ्या धाकट्या जावेचं.

मुकादम : पालिकेचं.

थोरली : पालिकेचं असेल, पण खुर्ची टाकून ती बसते तिथं. एकोणीस वर्षं झाली मला इथं, मुकादम. तिला चार. कामाला लावली मीच. कोपऱ्यापासून दाराकडं पुसत यायचं, एवढंसुद्धा येत नव्हतं तिला. आता तिच्याकडं गुळगुळीत फरशा, भिंतभर आरसा, हात पुढं केला की आपोआप पाणी. माझ्याकडं एक बल्ब बदलून मिळाला, तोही तीनदा मागितल्यावर. घरात तेच. लग्न होऊन आली आणि खिडकीची खोली तिला मिळाली. का, तर तिला उजेड आवडतो. मला काय अंधार आवडत होता?

मुकादम : खोलीचं मला माहीत नाही. हे आकड्यांवर ठरलंय. दारातल्या मशीनच्या.

थोरली : कुठल्या मशीनच्या?

मुकादम : हे काय, रुमालाखाली आहे ते. जाताना लोकांनी बटण दाबून मत द्यायचं ते.

थोरली : ते होय. धूळ बसते त्याच्यावर, म्हणून झाकून ठेवलंय. पोरं उगाच बटणं दाबत बसतात. आणि माझ्याकडं येणाऱ्याला काही सांगायचं असेल तर तो तोंडावर सांगतो, त्याला कशाला हवं मशीन?

मुकादम : तीन महिने झाकून ठेवलंत?

थोरली : रोज धुऊन टाकते रुमाल.

मुकादम : बाई, बाई. त्याच्यावरच तर मोजणी होती. तुमच्याकडं दिवसाला नऊ माणसं. त्यांच्याकडं साठ.

थोरली : साठ? पण त्यात लाल तोंडाचं बटण किती जणांनी दाबलं ते बघा की. हिरवं हसरं म्हणजे खूश, लाल म्हणजे वैतागलेला माणूस. तुम्हीच समजावून गेला होतात. नुसती लालच दिसतील तिच्याकडं.

मुकादम : हे तुम्हाला कसं कळलं?

थोरली : अंदाजानं म्हणतेय.

मुकादम : आहेत खरी लाल. ढीगभर आहेत. पण तोंड कुठलं ते कुणी पाहिलंच नाही. एक बटण म्हणजे एक माणूस, एवढाच हिशोब. उलट साहेब म्हणाले, इतके वैतागून लोक तिथंच जातात, म्हणजे तिथं खरी गरज आहे.

थोरली : लालसुद्धा मोजली?

मुकादम : सगळी मोजली. तुम्ही बसा जरा. पाणी देऊ का?

थोरली : नको.

मुकादम : हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत लेखी द्या. कारण पटलं तर मशीन बाजूला ठेवून दारात माणूस बसवतील, डोकी मोजायला. पण कारण तसं पाहिजे. नुसतं रडगाणं चालायचं नाही.

(मुकादम जातो. थोड्या वेळानं धाकटी जेवणाचा डबा घेऊन येते.)

धाकटी : मुकादम भेटले वाटेत. म्हणाले, तुमच्या जाऊबाईंकडं जाऊन या.

थोरली : पेढे मागायला आलीस की वाटायला?

धाकटी : जेवला नसाल, म्हणून आले.

थोरली : भूक नाही मला. जा, तुझ्या नमुन्याला कुलूप लावून आलीस ना? साठ माणसं खोळंबली असतील.

धाकटी : साठ नाहीत ताई. वीस आहेत. सकाळी बागेत फिरायला येतात ते. दुपारी चिटपाखरू नसतं.

थोरली : मग मशीन खोटं बोलतं का?

धाकटी : मशीन खरं बोलतं. बटण तेवढ्या वेळा दाबलं गेलंय.

थोरली : काय म्हणायचंय ते सरळ म्हण.

धाकटी : तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हा मी आत फरशी पुसत होते. आरशात दिसलात. तोंडाला रुमाल बांधला होतात. पण तुमची पाय ओढत येणारी चाल मी घरात रोज ऐकते. टक, टक, टक, लाल बटण. मी मोजलं. वीस वेळा.

थोरली : दाबलं. हो, दाबलं. जेवणाच्या सुट्टीत यायचे आणि दाबायचे. माझ्या पोटात दुखत होतं. रात्री जेवताना तू सांगायचीस, आज नव्या टाकीचं पाणी आलं, आज साहेब पाहून गेले. मला घास गिळवत नसे. म्हटलं, एकदा तरी वरून हिला बोल लागू दे. तुझं बंद व्हावं असं नव्हतं मनात. थोडंसं होतं. खोटं कशाला बोलू?

धाकटी : दाबून झाल्यावर तुम्ही बेसिन पुसून जायचात.

थोरली : डाग राहायचे. ते आपोआप पाणी बाहेर उडतं आणि तू पुसत नाहीस.

धाकटी : एकदा कोपऱ्यातलं जळमट काढलंत.

थोरली : होतंच ते.

धाकटी : होतं.

थोरली : एवढं पाहिलंस, मग बोलली का नाहीस? घरात समोरासमोर बसून जेवतो आपण.

धाकटी : पहिले आठ दिवस झोंबलं. बोलणारच होते. मग मुकादम म्हणाले, तुमचे आकडे चांगले येताहेत, असंच चालू द्या. तेव्हा कळलं की लाल-हिरवं कुणी बघत नाही. मग गप्प बसले. तुम्ही आलात की मी आतल्या बाजूला जायचे, तुम्हाला मोकळं दाबता यावं म्हणून.

थोरली : मी तुझ्या वाईटावर होते आणि तू मला राबवून घेतलंस.

धाकटी : हो.

थोरली : कशाला गं? तुझ्याकडं सगळं होतं.

धाकटी : पाणी आपोआप येतं, दार आपोआप मिटतं, माणसंही तशीच निघून जातात. चार वर्षांत एकानं नाव विचारलं नाही माझं. विचारतात ते काय, तर बाजारातल्या बाई तुमच्या कोण? त्यांना म्हणावं पाय बरा आहे का? तुमच्याकडं ड्रायव्हर थांबतात, भाजीवाल्या बायका पोरं सोपवून जातात, ती मिरचीवाली तर दिवसभराचं बोलते. मी डबा द्यायला आले की सगळे तुमच्याशी बोलत असतात आणि मी दारात उभी. वाटायचं, ही एवढी गर्दी हिच्याकडून गेली पाहिजे.

थोरली : गर्दी तुझ्याकडं येईल असं वाटलं?

धाकटी : वाटलं. आता येणारच, जाणार कुठं.

थोरली : नाही येणार. बाग लांब आहे. हमालाला गाडी सोडून अर्धा तास जाता येत नाही. बायका पाणी प्यायचं सोडतील. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी न पिता बसतील टोपल्यांपाशी. मी इथं लागले तेव्हा तशाच बसायच्या. आणि मिरचीवालीला चालवतच नाही. तिला कपड्यांत होईल, आणि बाजारात सगळ्यांसमोर होईल. ते तुझ्या-माझ्यामुळं होईल.

धाकटी : माझ्या डोक्यात माणसं आलीच नाहीत. तुम्हीच होतात.

थोरली : माझ्या तरी कुठं आली?

धाकटी : हरकत लिहू या.

थोरली : काय कारण लिहिणार? रुमाल?

धाकटी : रुमाल लिहू. आणि बटणांचं पण लिहू. साठातली वीस सोडली तर बाकीची माणसं नव्हतीच म्हणून.

थोरली : मग दारात माणूस बसवतील डोकी मोजायला. तुझं बंद होईल.

धाकटी : होईल.

थोरली : आणि मी असलं काही केलंय म्हटल्यावर मलाही ठेवतील की नाही, देव जाणे. दार उघडं राहील आणि खुर्चीवर तिसरीच कुणी बसेल.

धाकटी : मग नको लिहायला?

थोरली : नको कुठं म्हटलं? विचार तर करू देशील. त्या कागदाच्या मागं लिही, कोरा आहे. तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. तेही तुझंच चांगलं.

धाकटी : रोज जेवणाच्या सुट्टीत वीस वेळा. बरोबर?

थोरली : चाळीस लिही.

धाकटी : मी वीसच मोजली होती.

थोरली : घरी जाताना पुन्हा यायचे. तू कुलपं बघायला मागं जायचीस तेव्हा.

धाकटी : चाळीस. आणि हे मला ठाऊक होतं, तरी मी कळवलं नाही. असं लिहिते.

थोरली : ते लिहिलंच पाहिजे असं नाही.

धाकटी : लिहिलं. आता खाली सही कुणाची?

थोरली : दोघींची. पण माझी आधी.