मुक्या घोड्याची बाजू

माझी गौरा तीन वर्षांची होऊनही एक शब्द बोलत नव्हती, तेव्हाची गोष्ट. पोपटानं टोचलेला पेरू चारला की मूल बोलतं, असं सासूबाई म्हणायच्या. मी सातवी पास. तरी त्यांचं ऐकून रोज चारायची.

एकदा सासूबाई, गौरा आणि मी आळंद गावाला तंबूतला सिनेमा बघायला गेलो. पडद्यावर बोलका पोपट राणीच्या ताटातली द्राक्षं खात होता आणि राजपुत्राला सात डोंगर ओलांडून आणणारा मुका घोडा दाराशी उपाशी उभा होता.

एकाएकी गौरा माझ्या मांडीवर उभी राहून ओरडली, “घोड्याला बी दे की!”

सगळा तंबू हसला. मी रडायलाच लागले.

“बघितलंस? पेरूचा गुण हाय,” सासूबाई म्हणाल्या.

“व्हय, आत्याबाई. पर खाल्लं पोपटाचं आन् बाजू घेतली घोड्याची!”