सीटखालची वायर

संजना : ...हो, तुम्ही तेव्हाच बजावलं होतं, ही वायर अशी जोडलेली ठेवू नका म्हणून. कळतंय मला. पण आत्ता मशीन चालू का होत नाही ते सांगा ना, नवनाथदादा. उद्या लॉन्सवर लग्न आहे आणि गवत घोट्याच्या वर आलंय.

नवनाथ : ताई, मी टोचून नाय बोललो. सीटखालचा स्विच उंदरांनी खाल्ला होता आन तुमच्या लॉन्सवर हळदीचा कार्यक्रम तासाभरावर आलेला. म्हणून दोन वायरी एकमेकींना जोडून दिल्या. म्हणलं, नवा स्विच येईस्तोवरच हां. तुम्ही म्हणल्या, सीझन संपू द्या, मग बघू.

संजना : म्हणाले होते.

नवनाथ : बरं. फोन स्पीकरला टाका. चावी फिरवल्यावर टक् असा आवाज येतोय का?

संजना : काहीच नाही. समोरचा दिवासुद्धा लागत नाही. रविवार दुपारपासून असंच.

(लॉन्समागची पत्र्याची शेड. बसून चालवायचं गवत कापायचं मशीन मध्ये उभं. संजना फोन चाकाच्या पत्र्यावर ठेवून सीट वर उचलते. मागे बाजेवर तिचा तीन वर्षांचा सार्थक झोपलाय; ती सारखी वळून त्याच्याकडे बघते.)

नवनाथ : ब्रेक दाबून धरला व्हता ना? पात्याचा खटका खाली?

संजना : दोन्ही केलं. आबा करतात तसंच.

नवनाथ : मंग आबांनाच द्या की फोन. मशीन चालवतेत ते, सासरेबुवांना इचारलेलं बरं.

संजना : आबा सकाळीच तुमच्या सिन्नरला गेले, त्यांच्या बहिणीकडे, धोंडाआत्यांकडे. दोन दिवस राहतो म्हणाले. लग्नाच्या आदल्या दिवशी ते कधी कुठे जात नाहीत खरं तर.

नवनाथ : असू द्या. पान्ह्यांच्या पेटीत मी बल्ब लावलेली वायर ठेवलीय. तिची दोन टोकं बॅटरीच्या दोन बाजूंना लावा.

संजना : लागला. लख्ख लागला.

नवनाथ : म्हंजे बॅटरी जिवंत हाय. तिचे नट हलवून बघा.

संजना : घट्ट आहेत. काय अक्षता साचल्यात हो इथे.

नवनाथ : त्याच खायला उंदीर येतेत. लग्न माणसांचं, पंगत त्यांची. आता लाल वायरीवर एक काळी डबी दिसंल, तिचं झाकण उघडा. आतला फ्यूज जळला असंल.

संजना : आत फ्यूजच नाही.

नवनाथ : पडला असंल.

संजना : झाकण नीट लावलेलं होतं, दादा.

नवनाथ : मंग कुणीतरी काढलाय. चावी कोणाकडं असती?

संजना : एरवी आबांकडेच. आज जाताना खुंटीला अडकवून गेले.

नवनाथ : पेटीच्या तळाला बघा, एक जादाचा ठेवल्याला.

संजना : तळाला आबांचा रुमाल आहे. गाठ मारलेला. थांबा... यातच आहे फ्यूज. जळलेला नाही, आतली तार शाबूत आहे.

नवनाथ : मंग लावा की.

(संजना रुमाल पुरता उलगडते, मग बाजेपाशी जाऊन सार्थकच्या पायाची बोटं मोजते.)

नवनाथ : ताई? रेंज गेली का?

संजना : आहे मी. रुमालात सार्थकचं सँडल आहे. एक हरवलं म्हणून सांगितलं होतं आबांनी. दादा, याचा पुढचा भागच नाहीये. सुरीने कापावा तसा सरळ गेलाय.

नवनाथ : पोराचा पाय?

संजना : पाय ठीक आहे. बोटं मी आत्ता परत मोजली. रविवारी मी ऑफिसात नवरीकडच्यांशी बोलत बसले होते, हा आबांबरोबर होता. आबा त्याला खांद्यावर घेऊन आले. म्हणाले, दमलाय, आज मीच आंघोळ घालतो. मग म्हणाले, मशीन बंद पडलंय, आता काही चालू व्हायचं नाही ते.

नवनाथ : पातं फिरत ठेवून खाली उतरले असतील. हारबिर उचलायला.

संजना : उतरतातच ते. पूर्वी सीटवरून उठले की मशीन आपोआप बंद पडायचं, त्याचा त्यांना वैताग यायचा. तुम्ही वायर जोडलीत त्या दिवशी जेवताना काय खूश होते. म्हणाले, नवनाथने एक नंबर काम केलं, आता उतरलं तरी बंद पडत नाही.

नवनाथ : त्यांना वाटलं, ही दुरुस्ती हाय?

संजना : हो.

नवनाथ : तुम्ही सांगितलं नाय?

संजना : मी पोळी वाढत होते. मी नुसतं ‘बरं झालं’ म्हणाले.

नवनाथ : मीबी थेट त्यांनाच सांगायला पाहिजे व्हतं. चावी त्यांच्याकडं, आन सांगून गेलो तुम्हाला.

संजना : त्यांना वाटतंय, सगळं त्यांच्याच हातून झालं. परत कुणी चालू करू नये म्हणून फ्यूज काढून ठेवला असेल. आणि मी तीन दिवस त्यांच्या मागे लागलेय. काल मांडववाल्यांसमोर म्हटलं, आबा, तुमच्याकडून एक मशीन सांभाळलं जात नाही.

नवनाथ : काय म्हणले?

संजना : मान खाली घालून खुर्च्या मोजायला गेले. रात्री जेवले नाहीत. सकाळी निघताना सार्थकच्या तळपायांना हात लावून बघत होते, मला वाटलं, ताप बघतायत. आता फोन उचलत नाहीत. आत्यांचा तर बंदच असतो.

नवनाथ : मी नवा स्विच घेऊन निघतोच. तवर फ्यूज लावू नका.

संजना : नाही लावत. गवत राहू दे तसंच, पाहुण्यांना काय सांगायचं ते सांगेन मी. दादा, आत्यांचं घर तुमच्या दुकानामागच्याच गल्लीत आहे, पिठाच्या गिरणीशेजारी. निघायच्या आधी तिथे जाऊन याल? वायरीचं त्यांना काही बोलू नका, ते माझं मी सांगेन. नुसतं पोचलेत का, आणि काही खाल्लंय का, एवढंच बघा.