नवं वाण, आख्खं रान

नवीन काही शिकला असाल ना, तर ते पेरणीच्या ऐन गडबडीत वापरू नका, माझं ऐका. जिंतूरला माझ्या मामाचं बी-बियाण्याचं दुकान हाय. त्याची वेबसाईट मीच केलेली, वर्षभर बिनतक्रार चालू होती. पण मला जावास्क्रिप्टच्या एका नव्या फ्रेमवर्कचं याड लागलं. आख्खी साईट त्यात नव्यानं लिहिली, माझ्या फोनवर बघितली, लय जबरदस्त! सकाळीच जुनी काढून नवी चढवली.

दहा मिनिटांत मामाचा फोन. "अरे, वाणांची यादी कुठं गेली? ज्याच्या त्याच्या मोबाईलवर नुस्तं पांढरं पान दिसायलंय!"

गिऱ्हाइकांचे फोन जुने, त्यांच्यावर माझं नवं प्रकरण चालेचना. मी घाम पुसत जुनी साईट परत चढवायलो, अन् समोर चहा पीत बसलेले माझे वडील, आण्णा, लागले सुनवायला. "नवं वाण आलं की आमी आधी बांधाच्या कडंला दोन ओळी पेरून बघतो. उगवण दिसली की मग पुढं. सगळ्या रानात एकदम टाकतंय का कोणी? एवढं शिकून अक्कल न्हाई आली!"

बरोबरच होतं त्यांचं.

तेवढ्यात आतून आई म्हणली, "अवो, मग परवा आठही एकरांत ते नवं सोयाबीन कोणी पेरलं?"

आण्णांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं बघून हळूच म्हणले, "ह्याच्याच साईटवर त्याचा फोटो लय भारी होता."