भेस्तानची तळावडी आन तिथली बेडकं

माझं माहेर शिरपूरकडचं, बाप शेतमजूर, लग्न झालं तशी मी सुरतेत आली, कारण आमचे हे पांडेसऱ्यात कपडा रंगवायच्या मिलमध्ये व्हते. भेस्तानला खोली घेतली. मागं एक तळावडी, म्हणजे लहानसं तळंच म्हणा, आन पावसाळ्यात तिथं बेडकं अशी ओरडत, काय सांगू तुम्हाला, घरात एकमेकाचं बोलणं ऐकू येत नसे. हे चिडत. मले मात्र बरं वाटे, परक्या गावात कोणी ओळखीचं बोलतंय असं.

मग आजूबाजूची डबकी बुजली, इमारती झाल्या, खाडीत रंगाचं पाणी आलं. बारीक हिरवी बेडकी भिंतीवर चढून बसायची, ती दिसेनाशीच झाली. मले वाटलं, आपल्याकडंच असं. तर शेजारची कोमल, कॉलेजात शिकते ती, म्हणे, मावशी, साऱ्या जगात बेडकं मरताहेत, कुठं पाणी नासलं, कुठं कातडीचा रोग, काही जाती तर कायमच्या गेल्या. कायमच्या म्हणजे? मी इचारलं. म्हणे, आता कुठंच नहीत, मावशी. त्या दिवशी मले भाकर गोड लागली नही.

आन त्याच उन्हाळ्यात घरमालक शेठ म्हणाला, तळावडी बुजवतो, नव्या खोल्या काढतो. आम्ही बाया गेलो त्याच्याकडं. तो म्हणे, देडकांसाठी, म्हणजे बेडकांसाठी, जागा सोडू? मच्छर होतात, तुमचीच पोरं आजारी पडतात. खोटं नव्हता बोलत तो. मी म्हटलं, शेठ, घाण आम्ही काढतो, मच्छर बेडकं खातील. तो हसला. तेवढ्यात खाटेवरून त्याची म्हातारी आई, बा म्हणायचे सारे तिला, ती बोलली, रेवा दे, भाई, एमनुं पण घर छे. राहू दे, त्यांचंही घर आहे. शेठ म्हणाला, बरं, नही बुजवत, पण घाण तुम्ही काढा.

आम्ही प्लास्टिक उपसलं, चिंध्या उपसल्या, हाताले खाज सुटली, पण पाऊस लागला तशी बेडकं बोलली. थोडीच, पण बोलली बघा.

यंदा थंडीत बा गेली. आन एका सकाळी विटांचा टेम्पो आला. मी धावतच गेली, शेठ, हे काय? तो म्हणे, कठडा बांधतो, पोरं पडायला नकोत, बा कहीने गयां छे, आई सांगून गेली. मले रडूच आलं, तिथंच, कामगारांसमोर.

त्या बाईचं माझ्याशी ना नातं, ना भाषा एक. एक शब्द टाकला आन एवढे जीव तगले. जिथं असंल तिथं सुखात असो माय, आन तिच्या लेकराचंही भलं होवो.