कडब्याचे बाण

शिबिरानं पोरांना शिस्त लागते म्हणता? लागते की. आमच्या पोरांना जरा जास्तच लागली होती.

निजाम जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. शाळेनं आम्हाला नळदुर्गाजवळ स्काउटच्या शिबिराला नेलं. पहिली तुकडी सगळ्यांच्या भाकरी घेऊन पुढं गेली. तिनं वाटेवर बाणाच्या खुणा मांडायच्या, झाडीत लपायचं आणि आम्ही शोधून काढेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, असा सरांचा नियम. रानात दगड मिळेनात, म्हणून त्या शहाण्यांनी कडब्याचे बाण मांडले.

आम्हाला दोनच बाण दिसले. पुढं सगळं साफ. दुपार टळली, पोटात कावळे ओरडायला लागले. तेवढ्यात हातात दावं घेतलेला एक म्हातारा भेटला.

"आजोबा, इकडं कुठं बाण दिसले का?"

"बाण न्हाय बा. माझी म्हैस दिसली का?"

त्याच्यासंगं म्हशीच्या खुरांमागं गेलो, तर पहिली तुकडीच सापडली. म्हैस शेवटची भाकरी चावत होती आणि ते आठ जण झुडपाआडून गप बघत होते.

"अरे, हाकलली का नाही?" मी ओरडलो.

"तुमी शोधेपर्यंत आवाज करायचा न्हवता की!"

मागून आलेल्या सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "एकही खूण न चुकवता पोचली ती म्हैसच."