पाठ लागली तरी उठतीया

मला एक सांगा, मारामारीत माणसानं भरवसा ठेवायचा कुणावर, स्वतःच्या हातावर, का शिकवणाऱ्यावर? कारण मला शिकवलं आमच्या मंडळींनी, अंबूबाईनं, आणि मी हारलो... म्हंजे मोबाईल म्हणतोय हारलो, मी न्हाई म्हणत!

झालं काय, जत्रेत देवळाच्या पायरीजवळ एक जागा हाय, तिथं मांडलेला माल हातात घेतल्याशिवाय माणूस पुढं जात न्हाई. ती पायजे मला, घोंगड्यांसाठी, आणि पायजे लालासाहेबाला, त्याच्या मिलच्या चादरींसाठी. दोघं एकाच तालमीतले, तवा कुस्तीवर ठरलं. पण त्याचा गुडघा गेलेला, माझी कंबर गेलेली. मग पंच आप्पासो म्हणाले, मोबाईलवरचा मारामारीचा खेळ खेळा, त्यात हाडं न्हाईत. आता ह्याला कुस्ती म्हणायची का?

तुमच्यावर कवा अशी वेळ आली तर सांगून ठेवतो. सगळी बटनं एकदम बडवू नका. मी बडवली, तर मोबाईलमधला माझा गडी भिताडाकडं तोंड करून एकटाच लाथा झाडत बसला. अंबूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, त्यानं हात उचलला की ढालीचं बटन धरून ठेवा, त्येचा वार फुकट गेला की मग घाला." लय खरं! आणि मोबाईल वाकडा केला म्हणून गडी वाकत न्हाई, आपुनच खुर्चीवरनं पडतो. आणि सवयीनं हाताला माती चोळू नका, काच खरवडती. मोबाईल अंबूबाईचा होता, ते जाऊ द्या.

तर खेळाच्या दिवशी सगळी जत्रा भोवतीनं. माझा गडी उघडाबंब, लालासाहेबाचा गडी म्हंजे एक पोरगी, गुडघ्यापत्तर वेणी. मी सलामीला लालासाहेबापुढं हात केला, तवर त्या वेणीवालीनं माझ्या गड्याला दोन लाथा हाणल्या. सलामी न्हाई, हात मिळवणं न्हाई... ह्याला कुस्ती म्हणायची का?

मग मी ढाल धरली, तिचा वार फुकट गेला, आणि तिला असं उचलून टाकलं की दोन्ही खांदे भुईला, पाठ लागली, कुस्ती संपली. चीतपट! हलगी कडाडली, मोबाईल ठेवला खाली, आप्पासोंनी मला पटका बांधला, लोकांनी उचलून घेतलं... आणि ती उठली की हो! माझा गडी उभा खुळ्यागत, आणि ती बडवतीया, बडवतीया. मी वरनंच म्हणालो, "लाला, पाठ लागली रं तिची." तो मान खाली घालून बटनं दाबत म्हणतोय, "बघितलं गड्या मी, पण ही थांबंना."

शेवटी माझा गडी आडवा झाला आणि मोबाईलवर लाला जितल्याचं आलं. आप्पासोंनी लय इचार केला आणि निकाल दिला, पटका ह्याचा, जागा त्येची. आता पटका बांधून बसलोय चपलांच्या ढिगाशेजारी, आणि लोक घोंगडी हातात घेत्यात ती पाय पुसायला. घेऊ नका असं माझं म्हणणं न्हाई. फकस्त हारजितीचा हिशोब तेवढा इमानानं ठेवा: मी हारलो हे लिवा, पण पाठ तिची लागली हे त्येच्या आधी लिवा.